किती फूट

खोली तीन कोपऱ्यांची.
मालक म्हणाले, रस्ताच तिरका गेला, त्याला मी काय करू.
भाडं मात्र चार कोपऱ्यांचं घेतात.

पहिल्या दिवशी कुबेरनं टेप धरला.
रस्त्याकडची भिंत अकरा फूट,
जिन्याकडची नऊ,
आणि त्या दोघी मागं जिथं एकमेकींना भेटतात
तिथं केरसुणीसुद्धा आडवी होत नाही.

शनिवारच्या बाजारात एक कपाट आवडलं.
आरसा शाबूत, किल्ली एक, नऊशे रुपये.
मी खोलीचा आकार बोटानं हवेत काढून दाखवला.
विकणारा म्हणाला, ताई, कपाट झकास हाय,
तुमी खोली बदला.

खोली नाही बदलली.
निमुळत्या कोपऱ्यात फळ्या ठोकल्या
समोशाच्या आकाराच्या, एकाखाली एक चार.
भडंगाचा डबा बरोबर बसतो तिथं,
चौकोनी काहीच बसत नाही.

दिवा मिरजेहून आणला.
सतारमेकर गल्लीत इम्तियाजचाचांच्या दारात
तडकलेला भोपळा पडला होता.
सूर धरायचा नाही हा आता, म्हणाले,
न्या कांदे ठेवायला.
आम्ही तो उलटा टांगला, आत बल्ब सोडला.
रात्री तडीतून उजेड गळतो
आणि भिंतीवर एक बारीक वाकडी नदी उमटते.

रंगाला पैसे पडले नाहीत.
कुबेर लोकांची घरं रंगवतो,
डब्याच्या तळाला उरतं ते आमचं.
विश्रामबागेतल्या डॉक्टरांच्या बेडरूमचा पिस्ता,
कुपवाडच्या कुठल्याशा लग्नघराचा गुलाबी,
आणि एका बँकेचा असा रंग
ज्याला नावच नाही, आम्ही त्याला बँक म्हणतो.
पिस्ता दारामागं कमी पडला.
दारामागं कोण बघतंय.

पण रेघ कशालाच दबेना.
एकोणीस सालच्या पाण्याची.
पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर पिस्त्याचे दोन हात.
महिन्याभरात ती पिस्त्यातून वर आली
चहा सांडून वाळल्यासारखी.
शेजारच्या चौगुलेकाकू दारात उभ्या राहिल्या,
तळहात आडवा करून गळ्याला लावला.
हितवर होतं, म्हणाल्या. आणि डाळ निवडायला गेल्या.

मी ठरवलं होतं,
लग्नातल्या साडीचा काठ काढायचा
आणि रेघेवरून फिरवायचा, तिन्ही भिंतींना.
मोरांचा काठ. उसवलासुद्धा होता.

मग जुलै आला.
गिऱ्हाईक साडी पिकोला टाकताना विचारायचं,
आयर्विनला किती फूट?
दूधवाला, रिक्षावाला, कुबेरचा फोन,
किती फूट, किती फूट.
त्या वर्षी पाणी एकोणचाळीसवर थांबलं.
कुबेर घरी आला, जेवला नाही,
टेप काढला आणि खालच्या दोन फळ्या उपसल्या.
पुन्हा ठोकल्या. रेघेच्या वर, एक वीत सोडून.

आता आमच्याकडं सामान लावायचा एकच नियम आहे.
वर रेशनकार्ड, भाडेकरार, गोधडी,
लोकांच्या साड्या. लोकांच्या आधी.
खाली बादल्या, स्टील, प्लास्टिकची खुर्ची,
घासून निघेल ते, तरंगेल ते.
शिलाईमशीनचं डोकं दोन स्क्रूंवर आहे.
काढून वर ठेवायला चार मिनिटं लागतात,
मी घड्याळ लावून बघितलंय.

पाहुणे येतात, मान वर करतात.
किती युक्तीनं लावलंय गं त्रिशला,
सगळं उंचावर, खोली केवढी मोठी दिसते!
मी हो म्हणते. दिसते खरी.
काठ तसाच गुंडाळलेला आहे, सर्वांत वरच्या फळीवर.

छताला एक हूक आहे, आमच्या आधीच्या कुणीतरी ठोकलेला.
परवा कुबेर स्टुलावर चढला, हूक हलवून बघितला,
तिथून खाली टेप सोडला.
माझ्या पोटाकडं बघितलं. मग रेघेकडं.
पाळण्याची दोरी किती फूट घ्यायची
ते अजून ठरलेलं नाही.