फिडर

शनिवारी शाळेत पालकसभा झाली.
परभणीहून आलेल्या मॅडमनी कागद वाटले.
तुम्ही पाल्यासोबत रोज किती वेळ घालवता?
पुढं चौकोन : पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास, त्याहून जास्त.
मी पेन चावत बसलो.
झोपलेल्या पाल्याजवळचा वेळ धरायचा का,
हे विचारायला हात वर झाला नाही.

आमच्या बापाला कुणी कागद दिला नाही.
जिनिंगवरून यायचा रात्री, भुवयांत कापूस घेऊन.
कंदील मालवलेला असायचा,
तर अंधारात वाकळांवरून हात फिरवत
आमचे पाय मोजायचा.
दहा. म्हणजे पाच लेकरं. जमलं.
मग भाकरीकडं वळायचा.
मी जागाच असायचो, पाय मोजून घ्यायला.

आमच्या घरात दोनच लेकरं, दोन दारं,
दारांखालून उजेडाच्या दोन निळ्या पट्ट्या.
प्रज्योत दहावीला. त्याचं दार मी वाजवतो,
वाजवायच्या आधी जरा थांबतो.
"जेवलास का?"
"हं."
त्या 'हं'चा अर्थ लावत मी पोळी खातो.
मुग्धाचं दार उघडं असतं,
पण तिच्या कानांत बोंडं असतात, पांढरी,
कापसाच्या मुलखात शोभणारी.
सुनंदा म्हणते, लईच इचार करता तुम्ही.
तुमच्या वडलांनी केला होता का एवढा?
केला असेल. आम्हाला सांगितला नाही.

मंगळवारी रात्री आमचाच फिडर ट्रिप झाला.
मानवतमध्ये सगळ्यांना वाटतं
लाईनमनच्या घरची लाईट जात नाही.
आमच्याकडं साधा इन्व्हर्टर नाही.
परमिट घेतलं, अर्थिंग टाकली,
डोक्याला बॅटरी बांधून चढलो.
पिनला एक वाघूळ चिकटलं होतं, कोळसा झालेलं.
काठीनं ढकललं. पाच मिनिटांचं काम.
ऑपरेटरला सांगायला फोन काढला
आणि सहज वळून पाहिलं.

तीन घरं सोडून आमची गच्ची.
पुनव जवळ आलेली, सगळं स्वच्छ दिसत होतं.
चटई. मुग्धा पालथी, पाय हवेत.
प्रज्योत उभा राहून कुणाची तरी नक्कल करत होता,
गणिताच्या सरांची असावी,
कारण पोट पुढं काढून चालत होता.
गाऊनवर ओढणी घेतलेली सुनंदा
ती ओढणी तोंडाशी धरून वाकली होती हसून.
आवाज येत नव्हता.
मी पाय मोजले. सहा.
आणि दोन खांबावर.

फोन परत खिशात ठेवला.
चुकीचं होतं. इथं कबूल केल्यानं
ते कमी चुकीचं होत नाही.
आमच्याच गल्लीत लोमट्यांची म्हातारी
श्वासाच्या मशीनवर झोपते.
मशीनला अर्धा तास पुरेल एवढी बॅटरी आहे,
माहीत आहे, मीच जोडून दिली.
तरीही.
तिचा पोरगा खालून ओरडला,
"ओ भाऊ, किती टाईम हाय अजून?"
"काम चालू आहे," मी वरून म्हणालो,
दोन्ही हात रिकामे.

आठ मिनिटं झाली असतील. दहा धरा.
त्या कागदावर एवढा लहान चौकोन नव्हता.
मग उतरलो, अर्थिंग काढली, परमिट परत केलं.
"आली!" गावभर पोरं ओरडली.
गच्चीवरचं खालून दिसत नाही.
चटई झटकल्याचा आवाज आला तेवढा.

घरी पोचलो तर अकरा वाजलेले.
ताट झाकून ठेवलेलं. दाराखालच्या पट्ट्या जागच्या जागी.
प्रज्योत पाणी प्यायला बाहेर आला.
"लई वेळ लागला आज."
"हं," मी म्हणालो.
त्यानं तांब्या पालथा घातला, तोंड पुसलं.
"तुमची बॅटरी दिसत होती खांबावर.
मी हात केला होता."

तो आत गेला.
मी तेव्हा पाय मोजत होतो.
हात राहिले.