दोन इंच

आईच्या टेपचे पहिले दोन इंच झिजून गेलेत.
ती दोनापासून मोजते आणि शेवटी दोन वजा करते,
ब्लाउज असो, परकर असो,
की आज माझी छाती.
साधी एकतीस.
"फुगव," ती म्हणते. मी फुगवतो.
"अजून."
अजून नाही.
साडेबत्तीस. भरतीला तेहतीस पाहिजे.
तिच्या तोंडात टाचण्या,
त्यामुळं ती हसली की आणखी काय केलं
ते कळलं नाही.

वय वीस वर्षं नऊ महिने.
पहाटे साडेचारला राजाराम तलावाकडं आम्ही अकरा जण पळतो.
सोळाशे मीटर, विश्वंभर खोताच्या मोबाईलवर घड्याळ.
पाच एकतीस. पाच अठ्ठावीस. काल पाच चोवीस.
शेवटच्या वळणावर तो ओरडतो, "मर लगा, मर!"
आणि पोटात रात्रीचे भिजवलेले हरभरे उड्या मारतात.

नवाला उद्यमनगर.
दस्तगीर मिस्त्रीच्या लेथवर इंचाला कोण विचारत नाही.
दोन पॉइंट जास्त कापला
तर बुश शिरोलीहून परत येतो, वर शिव्या वेगळ्या.
मिस्त्री नुसतं बोट फिरवतो, "अजून दोन हाय बघ."
मायक्रोमीटर लावावा तर दोनच असतात.
परवा चहाच्या बशीत बघत म्हणाला,
"ते कोपऱ्यातलं मशीन घे तू. हप्त्यानं दे.
पोरगा माझा पुण्यात. त्याला कूलंटचा वास सोसत न्हाई."
भाडं, वीजबिल, तीन-तीन महिन्यांनी चेक देणारे फाउंड्रीवाले,
हे तो बोलला नाही.
ते मी मांडलं, एका पावतीच्या मागं.

त्याच पावतीवर खाली, जागा उरली तिथं:
चार वर्षं. मग चौघांतला एक ठेवून घेतात.
उरलेल्या तिघांत मी निघालो तर
खात्यावर एकदम रक्कम येईल,
आणि बोट तोवर पॉइंट विसरलेलं असेल.

अण्णा सतरा वर्षं होते.
आता पतसंस्थेच्या दारात स्टुलावर बसतात,
मांडीवर पाण्याची बाटली.
कर्ज मागायला येणाऱ्याला दार उघडून देतात
ते इतकं ताठ, की माणसं बिचकून पायताण बाहेरच काढतात.
मी विचारलं, जाऊ काय?
ते बूट पुसत होते.
"मी गेलो तेव्हा कुणी इचारलं न्हाई.
आलो तेव्हा पण न्हाई."
दुसरा बूट घेतला. तोही पुसून झाला.
मग म्हणाले, "वर थंडीत बोटं जात्यात.
मिस्त्रीला बोटं लागत्यात."
सल्ला होता का हा, मला माहीत नाही.
त्यांची स्वतःची दहाच्या दहा शाबूत आहेत.

हुपरीहून अभिनंदन मगदूमचा फोन:
"घरात बसून पैंजणाला घुंगरू जोडतोय भावा.
साहेब कोण न्हाई. सुट्टी द्यायला पण कोण न्हाई."
हसला, आणि हसता हसता त्याला जांभई आली.

टेंबलाईच्या टेकडीजवळ बटालियनचं फाटक लागतं.
सायकल तिथं आपोआप हळू होते.
उद्यमनगरच्या कोपऱ्यावरही होते.
ब्रेक एकदा दाखवून घ्यायला पाहिजेत.

शनिवारी मैदान.
शुक्रवारी रात्री आईनं मशीनच्या दिव्याखाली परत बोलावलं.
"फुगवू नको. साधा हुबा ऱ्हा."
टेप गार होती, तिचे हात गरम.
"तेहतीस," ती म्हणाली,
आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत
एका परकराच्या खाली लिहून ठेवलं.
वजा करायचं तिनं केलंच नाही.
मशीनवर पाय ठेवला, शिवण पुढं सरकली.
मीही आठवण करून दिली नाही.