रुमालातला चाप

दुपारी तीनला, परभणीचा स्टेशन रोड
डांबरासकट मऊ पडलेला असताना
निखत पठाणनं माझ्या काउंटरवर रुमाल उघडला.
काका, हा परत येईना गेलाय.

बंदुकीचं आहे म्हणाली. मी मागं सरकलो.
गोळी कुठंय?
गोळी नसती काका, छर्रा. तो पण क्लबात, कुलपात.
रायफलही तिथंच. हा नुसता चाप.

काडीपेटीएवढा, काळा.
बाजूला बारीक जर्मन अक्षरं.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
लहानपणापासून ऐकत आलो,
दोघी एका रुमालात आज पहिल्यांदा बघितल्या.

ओढला की सुटतो. सुटायचं बरोबर सुटतो.
पण बोट सैल केलं तरी मागंच बसून राहतो,
रुसल्यावाणी.
नखानं पुढं ढकलावा लागतो, दर छऱ्याला.
रविवारी लातूरला मॅच हाय.
साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं.

चाळीस वर्षं मी घड्याळंच उघडली.
मग मोबाइलनं धंद्यालाच चाप बसवला,
आता सेल बदलतो, पट्टे विकतो.
पण भिंग डोळ्याला लावलं
आणि आत ओळखीचं कुणीतरी बसलेलं दिसलं:
एक दात, एक खाच
आणि दोघांची पुन्हा गाठ घालून देणारी
केसाएवढी स्प्रिंग.

स्प्रिंग मेली, मी म्हणालो. मोठ्या तोऱ्यात.
गजराच्या घड्याळातली एक कापून बसवली.
आला परत.
तिनं ओढून बघितला. जड झाला काका,
एवढा जोर लावला तर नळी हलेल.
काढली. जुनीच बसवली.
तोरा पण काढून डबीत ठेवला.

मग स्क्रू. एकाच्या डोक्यावर ताजा ओरखडा.
हा कुणी फिरवला?
ती रस्त्यावरच्या ऑटोकडं बघायला लागली.
किती?
अर्धा आटा. व्हिडिओ बघून.
अर्धा आटा उलटा फिरवला.
आता दहातून सहा वेळा येतो.
सहा वेळा खरं बोलणाऱ्या घड्याळावर
कुणी गाडी पकडत नाही.

तेल कोणतं घालायलीस?
मस्के सरांनी दिलेलं, शिलाई मशीनचं. रोज. भरपूर.
रोज! भरपूर!
पेट्रोलच्या वाटीत बुडवला, ब्रशनं झटकला,
तर तळाशी उतरली आपली काळी माती,
तेलात मळलेली, चव्वेचाळीस अंशांवर आटलेली,
काकवीसारखी.
पावसाळ्यात पायाला धरते ना,
तशी धरून बसली होती.

तेवढ्यात माझं बोट अडकलं.
उजव्या हाताचं मधलं, चिमट्याचं.
मिटलं की उघडत नाही,
डाव्या हातानं सरळ करावं लागतं, कट्‌ करून.
सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं
तेव्हा मी हसलो होतो: बंदुकीचंच नाव.
निखतनं बघितलं. विचारलं काही नाही.
पेट्रोलची वाटी तेवढी माझ्याकडं सरकवली.

वाळवला. फुंकला.
सुईच्या टोकावर तेल, मुंगीच्या घोटाएवढं,
फक्त खाचेला.
ओढला: टिक्‌.
सोडला: टक्‌.
पुन्हा. ती ओठांत मोजत होती, मी मनात,
तिचे वीस झाले तेव्हा माझे एकोणीस.
भिंतीवर अकरा बंद घड्याळं,
दुकानात तो एकटाच चालू.

पैसे?
सेलचे घेतो तेवढे दे.

सोमवारी आली. सातवा नंबर म्हणाली.
आणि चाप?
चाप दर वेळी आला काका.
एकेचाळिसाव्याला मीच हलले.

मग जरा थांबून, रुमाल राहिलाय म्हणाली.
धुऊन ठेवला होता.
पेट्रोलचा वास तेवढा गेला नव्हता.