रकाना क्रमांक सात

बाणेरच्या सोसायटीनं फॉर्म दिलाय.
सतरावा मजला, गॅलरीखाली आग्या मोहोळ,
आणि रकाना क्रमांक सात:
दंशाची तीव्रता, एक ते दहा.

सुतारदऱ्यात पायरीवर बसून
हिरामणमामा सांगतो, मी लिहितो.

फुलोरी? तिचं काय लिहायचं.
फोडणीतली मोहरी उडाली समज.
सातेरीचा आधी राग येतो, मग कीव.
चावून मरते ना ती.
गांधीलमाशी मरत नाही. दारात बोट चेमटावं
आणि कुणीतरी तेच दार पुन्हा लोटावं, तशी.
कुंभारीण आपल्या घरबांधणीत, तिला कुठे सवड.

आणि विंचू?
त्याला पाय आठ. तो आपल्या खात्यात नाही.
तरी ऐक. पौडला, मी बारा वर्षांचा,
रात्रभर कळ जांघेपर्यंत चढायची, उतरायची.
पहाटे कोंबडा आरवला
तो मला पायात ऐकू आला.

आग्याला एकटीचं माप नसतं, म्हणतो.
एक चावली की वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा,
त्या वासावर बाकीच्या येतात.
वेताळ टेकडीवरून आलो तेव्हा मामीनं
कंगव्याच्या पाठीनं सव्वाशे काटे खरवडले.
त्यातला कितवा जास्त दुखला, सांग तू.
मानेवर वेगळं, पापणीवर वेगळं.
ओठाच्या आत लागली तर
माणूस स्वतःचं नाव सांगताना अडखळतो.

नऊ लिहू?
नऊ लिहिलं तर पैसे वाढवतील
का काम काढून घेतील?
मला माहीत नव्हतं.
पेनचं टोपण तोंडात धरून बसलो.

मग त्यानं उजवी चप्पल काढली.
गेल्या सोमवारी अंगठ्याला मुंगळा लागला होता.
धड तुटलं तरी डोकं सोडत नाही तो.
ते डोकं मामीला दिसलं, दिवेलागणीला.
कधीचं होतं, कुणास ठाऊक.
ससूनमध्ये डॉक्टरीणबाई टाचणी टेकवत गेल्या,
इथं कळतंय? इथं?
साखर तीनशे चाळीस.

फॉर्म एकपासून सुरू होतो.

मामा उठला, परसातल्या पेटीशी गेला,
एक सातेरी चिमटीत धरून आणली
आणि अंगठ्यावर टेकवली.
ती गेली. काटा मागं राहिला,
एकटाच धडधडत, आत आत जात.

कळलं? मी विचारलं.
थांब जरा, म्हणाला.