डावा कान

माझा डावा कान वडगावच्या मागांनी खाल्ला.
अडतीस वर्षं, एका शेडात सोळा पॉवरलूम.
शेवटी शेवटी मालक ओरडायचा तेव्हा
मी त्याच्या मिशीकडे बघून ओळखायचो
शिवी आहे की पगार.

आता घरी असतो. नात आहे, सन्निधी.
नाव सुनेनं ठेवलं, ती गोकाककडची.
माझ्या जिभेला ते पेलत नाही, मी सण्णी म्हणतो.
सण्ण म्हणजे कानडीत लहान.
सून हसली, "बसतंय की ओ मामा,
दोन्हीकडं बसतंय."

मंगाईच्या जत्रेला पाच पूर्ण झाली तिला.
शाळा इंग्रजी. गल्लीतली भांडणं कानडीत.
पडली की मात्र "आज्जे" म्हणून भोकाड पसरते,
तेव्हा आमची ही, गुडघे धरून बसलेली,
अशी उठते की बघत राहावं.

तर एकदा सण्णीनं रॉकेलचं जुनं नरसाळं आणलं,
माझ्या डाव्या कानाला लावलं,
"हॅलो, आत कोण हाय?"
थांबली. बोटानं टकटक केलं. परत थांबली.
मग उजव्या बाजूला येऊन हळू आवाजात,
माणूस गेल्याचं सांगतात तसं सांगितलं,
"आज्जा, तुझ्या हितला करंट गेलाय."

मी दिवसभर हसलो.
संध्याकाळी टपरीवर विरूपाक्षाला सांगितलं,
तो त्याच्या नातवाचं अबॅकस घेऊन बसला होता,
साडेचार मिनिटांत शंभर गणितं.
मी म्हटलं, असू दे, पण करंट गेलाय
हे त्याला सुचलं असतं का?

दुसऱ्या दिवसापासून ती गुपितं सांगायला लागली.
डाव्याच कानात.
दोन्ही हातांचा द्रोण करते, ओठ टेकवते,
संत्र्याच्या गोळीचा वास येतो,
ऊन वाफ आतपर्यंत जाते,
आणि शब्द?
एक नाही.
मी डोळे मोठे करतो. मध्येच "अरे देवा" म्हणतो.
कधी चुकीच्या जागी म्हणतो बहुतेक,
कारण ती थांबून माझ्याकडे बघते
आणि तेवढं परत सांगते.
सगळं झालं की उजव्या कानाशी येऊन ओरडते,
"कुणाला सांगू नको!"
हे सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

ही विचारते, काय म्हणाली?
मी बँकेच्या मॅनेजरसारखं तोंड करतो.
ही चिडते. पोळी लाटता लाटता
लाटणं पोळीपाटावर आपटते.
शेवटी तिनं सण्णीलाच धरलं,
"मला का गं सांगत न्हाईस? मी काय वैरीण?"
सण्णी म्हणाली,
"तुला ऐकू येतंय की."

त्या रात्री ही बराच वेळ जागी होती.
मला वाटलं रागावली.
बघतो तर पदर तोंडात कोंबून हसत होती,
खाट हलत होती.

मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे.
परवा म्हणाला, बाबा, मशीन बसवू या कानात,
शेंगदाण्याएवढं असतं, दिसत पण नाही.
मी म्हटलं, राहू दे.
त्याला वाटलं पैशाचं बघतोय.
म्हणाला, हप्त्यावर मिळतं.
मी म्हटलं, आता काय ऐकायचं राहिलंय?
तो गप्प बसला, त्याला वाईट वाटलं.
खरं कारण सांगता येत नव्हतं,
सण्णी दारात उभी होती
एक चप्पल घालून.

काल तिचं गुपित फार लांब चाललं.
बोटं मोजून सांगत होती,
तिसऱ्या बोटाला तिलाच हसू आवरेना,
मग मलाही.
एकदम तिला शंका आली.
समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात.
"आज्जा, तुला कळ्ळं?"

मी म्हटलं, "गोत्तिल्ला."

सुटल्यासारखी हसली.
पुढे झाली, माझ्या डाव्या कानाची पाळी
दोन बोटांत धरून खाली ओढली,
दुकानाचं शटर ओढतात तशी,
आणि दुसरी चप्पल शोधायला गेली.