पंचवीस मीटर

ठिपका लाल. भिंत चुन्याची.
भिंतीवर काळ्या रंगात अधिकचं चिन्ह,
तेही मीच काढलेलं, किंचित तिरकं.
खडकीच्या शेडमध्ये बावीस वर्षं हेच काम:
दोन स्क्रू. एक वर-खाली, एक डावी-उजवी.
पाव आटा फिरवायचा, श्वास सोडायचा, बघायचं.

मुदलियार साहेब सांगायचे
(त्यांचा ‘ळ’ आमच्यापेक्षा खणखणीत),
“बाई, उजेड सरळ जातो. गोळी पडत जाते.
नळी वर, लेझर खाली, दोघांची गाठ
पंचवीस मीटरवर. तेवढीच.
त्याच्या अलीकडे-पलीकडे कुणी कुणाचं नाही.”
मी मान हलवली.
माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं.

एकदा दुपारी, भोंग्याच्या जरा आधी,
पाल येऊन बसली बरोब्बर अधिकावर.
ठिपका तिच्या पाठीवर.
हलली नाही. उजेडाला वजन नसतं.
चुकचुकलीसुद्धा नाही,
ते काम बहुतेक माझ्यावर सोडलं तिनं.
गोळी आमच्या शेडमध्ये कधीच नसायची,
तरी माझा हात स्क्रूवरून निघाला
आणि पदराला पुसत राहिला, पुसत राहिला.
रजिस्टरात लिहिलं: नग तीनशे अकरा, ठीक.
पालीसाठी रकाना नव्हता.

ती तीनशे अकरा कुठं गेली,
कुणाच्या खांद्याला लागली,
ठिपका कुणाच्या अंगावर थांबला,
हे आम्हाला कळत नसे. विचारतही नसू.
पगार सात तारखेला.

आता रिटायर होऊन चार वर्षं झाली.
परवा रेंज हिल्सच्या भाजीबाजारात
वांगी निवडत होते, काटेरी, भरायची,
तर हातातल्या वांग्यावर आला ठिपका.
वर गच्चीत लोखंड्यांचा नातू,
हातात पन्नास रुपयांचं खेळणं.
ओरडायला हवं होतं.
पण डोळ्यांनी आधी अंतर मोजलं:
चाळीस मीटर, थोडं जास्तच.
म्हणजे दोन बोटं खाली.
म्हणजे वांगं नाही,
मनगट.

भाजीवाली म्हणाली, “मावशी, घेताय ना?”
पोरगं हसत होतं, पुढचे दोन दात पडलेले.
ठिपका कांद्यांच्या पोत्यावर गेला,
तिथून एका सायकलीवर, मग कुठंच नाही.

मी अर्धा किलो घेतली.
पिशवी दुसऱ्या हातात धरली.