इअरमार्क

बेलापूरच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर,
फाइलीच्या समासात हिरव्या शाईचा शेरा:
'सदर भूखंड इअरमार्क.'
मराठीकरणाचं काम माझं.
आरक्षित? राखीव? नेमून दिलेला?
कान कुठेच येत नाही.

कोश उघडला.
मेंढराच्या कानाला खाच पाडायचे म्हणे तिकडे,
कळप मिसळले तरी धनी कळावा म्हणून.
पुढे मेंढरं गेली, खाच राहिली,
आणि पैशाला, जमिनीला,
जे जे बोलत नाही त्याला
कान उगवले.

समोरच्या बाकावर पदीबाय भोईर, मुक्काम करावे,
साडेबारा टक्क्यांसाठी एकोणिसावी खेप.
सहज सांगितलं तिला.
"आमी पन कापाचो," म्हणाली,
"बकरीचे डावे कानाला, जरासा.
कुनाची इचारलं, तं कान दावाचा."
पिशवीतल्या सातबाऱ्याची घडी तिनं पुन्हा घातली.
"जमिनीला कान नाय ना, बाय."

तिच्या पाळीचं भोक ओघळून
लांबट झालेलं,
सोनं नव्हतं त्यात, काडी होती कडुनिंबाची.
मी काही विचारलं नाही.

रकाना रिकामाच सोडला.
(रकान्यातही कान आहे, हे आज दिसलं.)

साडेपाचला खाली आले.
गेटपाशी तो तांबडा कुत्रा,
नसबंदीची खूण म्हणून
कानाचं टोक उडवलेला.
रोजच्यासारखं बिस्किट पुढे केलं.
आज त्यानं
आधी माझ्या हाताचा वास घेतला,
बराच वेळ.